झोपेत गेलेलं बाळ: पहिल्या तासापासून पुढच्या बाळापर्यंत काय करायचं

उपकेंद्रावर होते तेव्हाची गोष्ट. अडीच महिन्यांचा मुलगा पहाटे निपचित सापडला होता. नवव्या दिवशी मी बालमृत्यूचा फॉर्म घेऊन त्या घरी गेले आणि ओसरीवर बसून एकेक रकाना भरू लागले. शेवटचं कधी पाजलं, उताणं होतं की पालथं, ताप होता का. आई खाली मान घालून उत्तरं देत होती. शेजारच्या घरात कुणाचं तरी तान्हं रडलं आणि हिचं पोलकं समोरून भिजत गेलं. पान्हा फुटला होता. फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नव्हता, म्हणून मी काही बोलले नाही. निघताना सासूबाईंनी विचारलं, "ताई, तुमच्या कागदात लिहिलंय का, हिचं काय चुकलं ते?"

त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. हा लेख घरच्यांसाठी, शेजाऱ्यांसाठी आणि आशाताईंसाठी आहे. काळाच्या क्रमाने लिहिलाय, कारण अशा वेळी माणसाला फक्त पुढचं पाऊल हवं असतं.

आधी एवढं समजून घ्या

वर्षाच्या आतलं, वरवर धडधाकट बाळ झोपेत अचानक जातं आणि संपूर्ण शवविच्छेदन, जागेची पाहणी, आजारपणाचा इतिहास हे सगळं तपासूनही कारण सापडत नाही, तेव्हा डॉक्टर त्याला 'सिड्स' म्हणतात. मराठीत अर्भकाचा आकस्मिक मृत्यू. दोन ते चार महिन्यांच्या वयात हे सर्वात जास्त घडतं आणि बहुतेक मृत्यू सहा महिन्यांच्या आतले असतात. आज मानतात ते असं: बाळात आधीच एखादा न दिसणारा कमकुवतपणा असतो, श्वास-हृदयावरचा ताबा पक्का व्हायचं ते वय असतं आणि त्यात पालथं झोपणं किंवा तोंडावर पांघरूण येणं असं काही बाहेरून घडतं. तिन्ही एकत्र आली की बाळाला जाग येत नाही. ते रडत नाही, धडपडत नाही, म्हणूनच शेजारी झोपलेल्या आईलाही कळत नाही.

आपल्याकडे अडचण अशी की शवविच्छेदन झालंच नाही, तर सिड्स म्हणताच येत नाही. मग अंदाजाने लिहिलं जातं, 'दूध श्वासनलिकेत गेलं'. तोंडाशी दूध दिसलं म्हणजे ते अडकूनच बाळ गेलं असं नसतं. जीव गेल्यावर स्नायू सैल पडतात आणि पोटातलं दूध आपोआप वर येतं. नाकाशी फेस येतो, कधी गुलाबीसर. अंगाचा जो भाग खाली होता तिथे लालनिळे डाग पडतात. हे मरणानंतरचे बदल आहेत. ती विषाची खूण नव्हे, माराची नव्हे, दृष्टीची तर नव्हेच. पण 'दूध अडकलं' हे दोन शब्द एकदा घरात आले की पाजणारी ती एकटीच असते. सगळी बोटं तिच्याकडे वळतात.

पहिली काही मिनिटं

तळपायावर टिचक्या मारून, हाक मारून बघा. हालचाल नाही आणि श्वास नाही, तर १०८ लावा आणि फोन स्पीकरवर ठेवा. बाळाला गादीवरून उचलून जमिनीवर किंवा पाटावर उताणं ठेवा. मान मागे फार ताणू नका, सरळ ठेवा. तुमच्या तोंडाने त्याचं तोंड आणि नाक दोन्ही झाकून, छाती किंचित वर येईल इतपतच हलके दोन श्वास द्या. मग दोन्ही हातांनी छाती वेढून, दोन्ही स्तनाग्रांच्या जरा खाली मधोमध, दोन अंगठ्यांनी सुमारे चार सेंटिमीटर खोल दाबा. मिनिटाला १०० ते १२० वेळा हा वेग. तीस वेळा दाबलं की दोन श्वास, पुन्हा तीस. गाडी येईपर्यंत थांबू नका.

बाळाला उलटं टांगू नका, गदागदा हलवू नका. कांदा हुंगवण्यात आणि तोंडात पाणी घालण्यात वेळ जातो, धोकाही वाढतो.

अंग गार आणि ताठ झालेलं असेल तर काळ उलटून गेलेला असतो. तरीही दवाखान्यात न्या. जुळं असेल तर दुसरं बाळही त्याच गाडीतून न्या आणि लगेच तपासून घ्या. हे फार वेळा राहून जातं.

दवाखाना, पोलीस आणि शवविच्छेदन

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो, म्हणून जरा सविस्तर.

आपल्यात तान्ह्या बाळाला पुरतात आणि तेही घाईने. सूर्य उगवायच्या आत सगळं उरकलेलं मी पाहिलंय. घाई मायेपोटी असते, पण त्या खड्ड्यात कारणही पुरलं जातं. पुढे 'अंगाखाली आलं असेल' आणि 'पायगुण' हेच उरतं.

दवाखान्यात नेल्यावर 'मृतावस्थेत दाखल' अशी नोंद होते आणि पोलिसांना कळवलं जातं. कारण न कळलेल्या मृत्यूत हा नियमच आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली (जुन्या कायद्यात हे कलम १७४ होतं) अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचांसमोर पंचनामा होतो आणि शवविच्छेदनाला पाठवलं जातं. अकस्मात मृत्यूची नोंद म्हणजे गुन्हा दाखल होणं नव्हे. हे वाक्य घरातल्या प्रत्येकाला, खास करून आईला, मोठ्याने सांगा.

घरातून निघण्यापूर्वी एका शहाण्या माणसाने, शेजारी असला तरी चालेल, मागे थांबून एवढं करावं:

- बाळ झोपलं होतं ती जागा जशीच्या तशी ठेवावी. गोधडी धुवू नये, पाळण्याची दोरी सोडू नये. मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढावेत.
- औषधाची बाटली, गुटीचा सहाण-वेखंड, वरचं दूध पाजलं असेल तर ती बाटली बाजूला काढून ठेवावी.
- माता व बाल संरक्षण कार्ड सोबत द्यावं.
- शेवटचं पाजल्याची वेळ, कुठल्या कुशीवर निजवलं, कसं सापडलं, अंगात काय होतं हे आठवतंय तोवर कागदावर लिहावं. नंतर दहा जण विचारतात आणि दरवेळी आईलाच ते पुन्हा जगावं लागतं. कागद असेल तर तो पुढे करता येतो.

लस नुकतीच झाली असेल तर तारीख नक्की सांगा. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी नेमक्या या मृत्यूंच्या वयातच येतात, म्हणून संशय लसीवर जातो. अभ्यासांत मात्र लस घेतलेल्या बाळांत सिड्सचं प्रमाण कमीच आढळलंय. तरी लसीनंतरच्या प्रत्येक मृत्यूची वेगळी चौकशी करायची पद्धत सरकारी यंत्रणेत आहे. ती मागणं तुमचा हक्क आहे आणि मोठ्या भावंडांच्या लसी त्यासाठी थांबवायची गरज नाही.

'बाळाला फाडणार' म्हणून घरचे विरोध करतात. मी त्यांना सांगायचे, न्यूमोनिया असेल, जन्मतः हृदयात दोष असेल, जंतुसंसर्ग असेल, तर ते इथेच कळेल आणि पुढच्या बाळाला उपयोगी पडेल. टाके नीट घालून बाळ परत देतात. पुन्हा झबलं घालता येतं, मांडीवर घेता येतं. अहवालात 'व्हिसेरा राखून ठेवला', म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने ठेवले, असं लिहिलं असेल तर ते न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातात आणि अंतिम कारण यायला महिने लागू शकतात. अकस्मात मृत्यू नोंदीचा क्रमांक, पोलीस ठाण्याचं नाव आणि तपास करणाऱ्या हवालदाराचा नंबर त्याच दिवशी लिहून घ्या, म्हणजे पाठपुरावा करता येतो.

चौकशी जपून का व्हावी, याचा धडा इंग्लंडने फार महागात शिकला. सॅली क्लार्क ही वकील बाई. तिची दोन तान्ही मुलं, १९९६ आणि १९९८ मध्ये, अशीच अचानक गेली. खटल्यात एका बालरोगतज्ज्ञाने सांगितलं की एका घरात असं दोनदा घडण्याची शक्यता ७.३ कोटींत एक. एका मृत्यूच्या शक्यतेला त्याच आकड्याने गुणून काढलेला हा हिशेब होता. एकाच घरातल्या भावंडांचं रक्त, घर, परिस्थिती एकच असते, ही साधी गोष्ट त्यात सुटली. १९९९ मध्ये तिला जन्मठेप झाली. २००३ मध्ये अपिलात ती सुटली आणि चारच वर्षांत वारली. अशा प्रकरणांनंतर २००४ साली हेलेना केनेडी यांच्या अध्यक्षतेखालच्या गटाने कार्यपद्धती आखून दिली: पोलीस आणि बालआरोग्याचा जाणकार यांनी मिळून काम करायचं, घराची पाहणीही शक्यतो एकत्र करायची आणि कुटुंबाचा आधार हा चौकशीचाच भाग धरायचा. आपल्याकडे हवालदार वेगळा येतो, डॉक्टर वेगळे, मी नवव्या दिवशी वेगळी. तालुक्याच्या ठिकाणी ठाणेदार आणि वैद्यकीय अधिकारी एकमेकांना ओळखत असतात. दोघांनी एकदाच एकत्र यायचं ठरवलं तर त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

निरोप

आईला बाळ बघू द्या. तिला घ्यायचं असेल तर घेऊ द्या, आणि किती वेळ ते तिने ठरवावं. 'बघू नकोस, त्रास होईल' म्हणणाऱ्या बायका प्रेमाने म्हणतात, पण न पाहिलेलं बाळ वर्षानुवर्षं डोळ्यांसमोरून हलत नाही. डॉक्टरांना विचारून जावळाची बट, पायाचा ठसा, एखादा फोटो ठेवा. आई दवाखान्यात असताना घरातला पाळणा आणि कपडे भराभर हलवू नका. न धुतलेलं एक झबलं तिला हवं असतं, वासासाठी.

मोठं भावंड असेल तर त्याला 'बाळ झोपलंय' सांगू नका, ते रात्री झोपायला घाबरतं. बाळ वारलं, त्याचं शरीर बंद पडलं, आता ते परत येणार नाही, आणि यात तुझी काही चूक नाही. एवढं पुरे.

दूध

याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. बाळ गेलं तरी दूध थांबत नाही. छाती दगडासारखी होते, ठणकते. घट्ट फडकं बांधायची जुनी पद्धत टाळा. त्याने गाठी होतात, पू होतो. आधार देणारी, न दाबणारी चोळी घाला. गार पाण्याची घडी ठेवा. फार ताण आला तर ठणका कमी होईल एवढंच दूध हाताने काढा. पूर्ण रिकामं केलंत तर शरीर पुन्हा भरतं. दुखण्याला पॅरासिटामॉल चालते. दूध थांबवणारी गोळी असते, पण रक्तदाब असणाऱ्यांना ती चालत नाही, म्हणून डॉक्टरांनी लिहून दिली तरच घ्या. ताप आला, एखादा भाग लाल आणि कडक झाला, तर त्याच दिवशी दाखवा.

काही आयांना दूध वाया घालवणं सहन होत नाही. दुग्धपेढी जवळ असेल तर दान करता येतं का ते विचारा. आशियातली पहिली दुग्धपेढी मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ साली सुरू झाली, आता आणखी शहरांत आहेत. ज्यांना नको वाटतं त्यांना आग्रह नको.

एक गोष्ट आशाताईंनी पक्की धरावी. बाळ गेलं की भेटी थांबतात, कारण भेटी बाळाच्या नावाच्या असतात. पण ती अजून बाळंतीण आहे. तिचे टाके आहेत, रक्तस्राव आहे, लोह-कॅल्शियमच्या गोळ्या सहा महिने चालू ठेवायच्या आहेत. शिवाय अंगावर पाजणं थांबलं की पाळी लवकर परत येते आणि दिवस लवकर राहू शकतात. घरचे 'लगेच दुसरं होऊ दे' म्हणत असतात. तिला काय हवंय ते एकटीला गाठून विचारा आणि साधनं हाताशी द्या.

कागदपत्रं आणि रजा

मृत्यूची नोंद २१ दिवसांत ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत करा. बाळाच्या जन्माची नोंद राहिली असेल तर तीही करा. दोन्ही दाखले हवेत, आणि कागदावर त्याचं नाव असणं पुढे आईबापांना फार मोलाचं वाटतं. केंद्र सरकारी नोकरीतल्या महिलांसाठी २ सप्टेंबर २०२२ चा आदेश आहे: बाळ मृत जन्मलं किंवा जन्मानंतर लगेच, २८ दिवसांच्या आत गेलं तर ६० दिवसांची विशेष प्रसूती रजा, काही अटींवर. अडीच महिन्यांच्या बाळाच्या आईला तो लागू पडत नाही. ती मर्यादा वर्षापर्यंत वाढवावी, असं मला मनापासून वाटतं. खाजगी नोकरी असेल तर अर्ज लेखी द्या. ब्रिटनमध्ये असलेल्या आपल्या लेकीसुनांसाठी: तिथे एप्रिल २०२० पासून नोकरी करणाऱ्या आईला आणि बापालाही अपत्यशोकाची दोन आठवड्यांची रजा कायद्याने मिळते.

फॉर्म घेऊन येणारी बाई

केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाच वर्षांखालच्या बालमृत्यूंचं अन्वेषण होतं. आशा २४ तासांत कळवते, आरोग्यसेविका घरी येऊन प्राथमिक माहिती घेते, काही मृत्यूंची सखोल चौकशी होते आणि जिल्हा पातळीवर आढावा घेतला जातो. कुणाला शिक्षा करणं हा त्याचा उद्देशच नाही. तुमच्या घरी कुणी आलं नाही तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारा. आलं तर शेवटी तुम्ही विचारा: काय कारण धरलं आणि आम्हाला कधी सांगणार? माहिती वर जाते तशी खालीही यायला हवी.

माझ्या बहिणींनो, फॉर्म पहिल्याच मिनिटाला पर्समधून काढू नका. बाळाचं नाव विचारा आणि पुढे नावानेच बोला. 'काय केलंत' असं विचारण्याऐवजी 'काय घडलं' असं विचारा. आणि समासात पेनने तीन प्रश्न लिहून ठेवा: छाती दुखते का, झोप लागते का, घरात कुणी टोचून बोलतंय का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सासूसमोर मिळत नाही. हात धुवायच्या निमित्ताने मोरीकडे चला.

बापालाही विचारा. तो पंचनामा, दवाखाना, खड्डा सगळं उभ्याने करतो आणि महिनाभराने कामावर जाताना रस्त्यात थांबून राहतो. खाणंपिणं सुटलं, जगावंसं वाटत नाही असं कुणी म्हणालं, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. फोन तुम्ही लावून हातात द्या.

हे टाळता येतं का?

पूर्णपणे नाही, पण बरंच. चाळीसच्या दशकापासून पाश्चात्त्य डॉक्टरच बाळाला पालथं निजवा म्हणून सांगत होते. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी न्यूझीलंड आणि इतर देशांतल्या अभ्यासांनी पालथं झोपण्याचा धोका ठळक केला. ब्रिटनने १९९१ मध्ये आणि अमेरिकेने १९९४ मध्ये 'उताणं निजवा' मोहीम काढली. अमेरिकेत असे मृत्यू काही वर्षांत जवळपास निम्म्यावर आले. ना महागडं यंत्र लागलं, ना औषध.

आपल्या घरांना लावून बघू. दिवसाची झोप असो की रात्रीची, बाळ उताणंच निजवा. कुशीवर नको, ते सहज पालथं पडतं. दूध अडकेल ही भीती उताणेपणी खरी नाही. त्या स्थितीत श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, दूध खालीच राहतं. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी ठेवतात, ती नको. मऊ गादी, लोड, तोंडापर्यंत येणारी गोधडी नको. झोपताना टोपरं काढा, घाम येतोय का ते मानेमागे हात लावून बघा. कमी वजनाच्या बाळाला ऊब देण्याबद्दल मात्र डॉक्टरांनी सांगितलं असेल तसंच करा. झोळीत बाळ दुमडतं, हनुवटी छातीला टेकते, म्हणून पहिल्या महिन्यांत झोप लागली की काढून सपाट जागी ठेवा. विडी-सिगारेट, धुरी, चुलीचा धूर खोलीत नको. गरोदरपणी मिश्रीही नको, ती तंबाखूच आहे. स्तनपानाने धोका कमी होतो.

आईजवळ निजण्याबद्दल स्पष्ट सांगते. वेगळ्या सपाट जागेवर पण त्याच खोलीत, हे सर्वात सुरक्षित. एका खोलीच्या घरात ते प्रत्येकाला जमत नाही हे मला ठाऊक आहे. मग निदान एवढं पाळा: बाळ दिवसांआधीचं किंवा कमी वजनाचं असेल, घरात कुणी दारू प्यालेलं किंवा विडी ओढणारं असेल, झोपेची गोळी घेतली असेल, तर एकाच अंथरुणात नाही. बाळाच्या एका बाजूला फक्त आई, दुसरीकडे नवरा किंवा मोठं मूल नाही. खुर्चीत किंवा सोफ्यावर पाजता पाजता डोळा लागू देऊ नका.

आता एक हिशेब बघा. आशाची गृहभेट ४२ व्या दिवशी होते आणि पुढची तिसऱ्या महिन्यात. सर्वात धोक्याचं वय नेमकं या फटीत सुरू होतं. या काळात बाळ दीड आणि अडीच महिन्यांच्या लसीला येतंच. लस टोचून झाल्यावर ताप येईल, गोळी द्या, हे आपण सांगतोच. त्यालाच जोडून 'आज उताणं निजवा, रोज उताणं निजवा' एवढं सांगायला अर्धं मिनिट लागतं. बाळाला रात्री निजवणारी आजी असेल तर तिला सोबत बोलवा, कारण पालथं निजवायचा सल्ला बहुतेक तिच्याकडूनच येतो.

पुढचं बाळ

दिवस राहण्याआधी शवविच्छेदनाचा अहवाल घेऊन बालरोगतज्ज्ञांना भेटा. नात्यातलं लग्न असेल किंवा घरात आधीही असं घडलं असेल तर चयापचयाच्या आनुवंशिक आजारांची तपासणी विचारा. बहुतेक घरांत पुढचं बाळ सुखरूप वाढतं. इंग्लंडमध्ये अशा घरांसाठी 'पुढच्या बाळाची काळजी' नावाचा उपक्रम कित्येक वर्षं चालू आहे: जास्तीच्या भेटी, वजनाचा तक्ता, हाक मारली की येणारी ओळखीची नर्स. आपल्याकडे ती नर्स म्हणजे आशाच.

आशाताई, आधीचं बाळ ज्या वयात गेलं ते वय डायरीत लिहून ठेवा. नवं बाळ त्या वयाचं होईल त्या आठवड्यात ही आई रात्रभर जागी असते, दर दहा मिनिटांनी त्याच्या नाकाखाली बोट धरते. त्या आठवड्यात एक जादा फेरी मारा. तासभर बाळ तुमच्या मांडीवर घ्या आणि तिला निजू द्या.